दया की मैत्री? मुलांच्या एका चित्रपुस्तकाच्या निमित्ताने



आपल्या घरांत आता पुस्तके येऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा, खाली फळीवर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आणि त्याच्या शेजारी मुलांची दोन-चार पातळ, रंगीत चित्रपुस्तके, असे दृश्य पुष्कळ घरांत दिसते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या घरात मूल पालथे पडून चित्रे पाहत आहे, यासारखे समाधान नाही.

परंतु पुस्तक घरात आले म्हणजे आपले काम संपले असे नाही. भुताखेतांचे पुस्तक आपण बाजूला ठेवतो. देवदेवतांच्या चमत्कारांची पुस्तके दीक्षा घेतल्यावर आपण घराबाहेर केली. मात्र 'दया करावी, सर्वांशी प्रेमाने वागावे' असे सांगणारे गोड पुस्तक आपण न पाहताच मुलांच्या हाती देतो. त्यात काय वाईट असणार, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते. माझी चूक कुठे झाली ते आज तुमच्यापुढे ठेवते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीच्या वर्गासाठी मी एक चित्रपुस्तक आणले होते. त्यातल्या एका पानावर झाडाखाली एक मुलगा बसलेला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. समोर दुसरा मुलगा अनवाणी उभा. पहिला आपल्या डब्यातली अर्धी पोळी दुसऱ्याला देतो आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'खरा मित्र'. मी मुलांना म्हणाले, चला, हे चित्र आपण करून दाखवू. देणारा म्हणून एका नीटनेटक्या मुलाला बसवले. घेणारा म्हणून आपल्या वस्तीतल्या एका मुलाला उभे केले. मनात काही वाईट नव्हते. तो त्या दिवशी अनवाणी आला होता, चित्राशी जुळत होता, एवढेच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली. ती रागावलेली नव्हती. म्हणाली, "बाई, पोरगं घरी येऊन इचारतंय, मलाच का घेणारा केलं? माझ्या दप्तरात पण भाकरी होती की."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी याच समाजातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. उपकाराच्या नजरेने कोणी पाहिले की काय वाटते ते मी पुरेपूर जाणते. तरीही त्या मुलाच्या दप्तरात काय आहे हे न विचारताच मी त्याला हात पसरायला लावला. जी नजर आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांत लगेच ओळखतो, ती माझ्याही डोळ्यांत येऊन बसली होती, आणि एका चांगल्या, गोड पुस्तकाने तिला जागा करून दिली होती.

तेव्हा मला माझ्या आजीची एक आठवण झाली. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीला आमच्या बायकांना हात लावता येत नसे. रिकाम्या घागरी घेऊन लांब बसून राहायचे. कोणाला दया आली तर ती वरून घागरीत पाणी ओतायची. एक बाई मात्र कधी नाही म्हणत नसे. आजी सांगायची, "लई दयाळू होती गं. उन्हातान्हात थांबून पाणी घालायची." मी लहान होते. मी विचारले, "मग तिनं तुझ्या हातात पोहरा का नाही दिला?" आजी गप्प बसली.

त्या बाईची दया खोटी होती असे मी म्हणणार नाही. तहानलेल्या घागरीत पाणी पडले, ते खरेच पडले. परंतु तिच्या सगळ्या दयेने ती विहीर आजीला एका पावलानेही जवळ झाली नाही. ओतणारा हात वर आणि घागर खाली, हे अंतर तसेच राहिले. सातारच्या शाळेतली बाबासाहेबांची हकिगत आपल्याला माहीत आहे. नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. तो शिपाई मनाने चांगलाही असेल. पण ज्याचे पाणी दुसऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून आहे तो माणूस स्वतंत्र नव्हे. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी कोणाच्या दयेची वाट पाहिली नाही. चवदार तळ्याचे पाणी त्यांनी स्वतःच्या ओंजळीने घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसे आहोत एवढेच सिद्ध करायचे होते.

तर प्रश्न असा आहे. मुलांना आपण दया शिकवायची की मैत्री? आणि या दोहोंत फरक तो काय?

याचे उत्तर मला एका जुन्या जातककथेत सापडले. पाली वाङ्मयात ५४७ जातककथांचा संग्रह आहे. त्यातली २०६ क्रमांकाची कथा 'कुरुंगमिग जातक' या नावाची आहे. ती मी सांगते. घरी मुलांना सांगता येईल अशीच सांगते.

एका जंगलात तळ्याकाठच्या झुडपात एक हरीण राहत असे. जवळच्या झाडावर एक सुतार पक्षी होता आणि तळ्यात एक कासव. तिघांची मैत्री होती. एका शिकाऱ्याने पाणवठ्यावर हरणाच्या खुरांचे ठसे पाहिले आणि चामड्याच्या वाद्यांचा भक्कम फास लावला. रात्री हरीण पाणी प्यायला आले आणि फासात अडकले. त्याची हाक ऐकून पक्षी झाडावरून उतरला, कासव पाण्यातून वर आले. तिघांनी विचार केला. पक्षी कासवाला म्हणाला, तुला दात आहेत, तू वाद्या कुरतड. शिकारी लवकर येणार नाही, हे मी पाहतो.

कासव वाद्या कुरतडू लागले. पक्षी उडून शिकाऱ्याच्या घरापाशी जाऊन बसला. पहाटे शिकारी सुरी घेऊन पुढच्या दाराने निघाला, तोच पक्ष्याने ओरडून त्याच्या तोंडावर पंखांचा फटकारा मारला. शिकाऱ्याला वाटले, अपशकून झाला. तो माघारी जाऊन पडून राहिला. थोड्या वेळाने तो मागच्या दाराने निघाला. पक्ष्याने हे आधीच ओळखले होते. तिथेही फटकारा बसला. पुन्हा अपशकून! सूर्य उगवेपर्यंत शिकारी घराबाहेर पडला नाही. शकुन-अपशकुनाच्या खुळाने त्याची शिकार घालवली, हे मुलांना सांगायला विसरू नका. आपल्या घरी मांजर आडवे गेले म्हणून कोणी थांबत असेल तर त्यानेही ऐकावे.

शेवटी शिकारी आला तेव्हा एकच वादी राहिली होती. कासवाचे तोंड रक्ताने भरले होते, दात आता पडतात की काय अशी अवस्था झाली होती. हरणाने जोर करून ती शेवटची वादी तोडली आणि ते पळाले. दमलेले कासव मात्र तिथेच पडून राहिले. शिकाऱ्याने त्याला पिशवीत घालून पिशवी खुंटाला बांधली. हरणाने हे दुरून पाहिले. आता ते पळून जाऊ शकत होते. पण ते अशक्त असल्याचे सोंग करून शिकाऱ्याच्या नजरेस पडले. शिकारी मागे लागला. फार जवळ नाही, फार लांब नाही, असे अंतर राखून हरणाने त्याला जंगलात दूर नेले, मग दुसऱ्या वाटेने वाऱ्यासारखे परत येऊन शिंगांनी पिशवी फाडली आणि कासवाला सोडवले. ते मित्रांना म्हणाले, तुम्ही माझा जीव वाचवला, मित्राने करावे ते केले. आता शिकारी येईल, तुम्हीही आपापला जीव सांभाळा. कासव पाण्यात गेले, पक्षी पिलांना घेऊन दुसरीकडे गेला. शिकारी परत आला तेव्हा त्याला फाटकी पिशवी मिळाली.

बंधूंनो, आता या कथेकडे नीट पाहा. यात देणारा कोण आणि घेणारा कोण? पहिल्या रात्री हरीण संकटात आहे, सकाळी कासव संकटात आहे. ज्याला वाचवले तोच पुढे वाचवणारा होतो. हरीण मोठे, कासव लहान. तरी लहानाने मोठ्याला आधी वाचवले. प्रत्येकाने आपल्याजवळ जे होते ते लावले. एकाने दात, एकाने पंख, एकाने पाय आणि शिंगे. हरीण बांधलेले होते तरी शेवटची वादी त्याने स्वतः तोडली. मित्र बाकीच्या वाद्या कुरतडतील, पण शेवटचा जोर बांधलेल्यानेच लावायचा असतो. शिकलेल्यांनी आपल्या मागे राहिलेल्यांसाठी काय करावे आणि मागे राहिलेल्यांनी स्वतः काय करावे, हे दोन्ही मला या एका प्रसंगात दिसते.

दयेच्या चित्रात एकाचा हात नेहमी वर आणि दुसऱ्याचा नेहमी खाली असतो. मैत्रीच्या चित्रात हात बदलतात. फरक इतकाच आहे, पण तो फार मोठा आहे.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला भगवंतांनी जो उपदेश केला त्यात सहा दिशा म्हणजे माणसाची सहा नाती असे सांगितले आहे. त्यांत मित्र ही उत्तर दिशा आहे. मित्राशी पाच प्रकारे वागावे: दान द्यावे, गोड बोलावे, त्याचे हित करावे, त्याच्याशी समानतेने वागावे आणि त्याला फसवू नये. यातल्या चौथ्या गोष्टीला पालीत 'समानत्तता' म्हणतात. दान पहिले आहे, पण ते एकटे नाही. समानत्तता नसेल तर ते दान मित्राचे राहत नाही, मालकाचे होते. पुढे त्याच उपदेशात मित्रांनीही उलट पाच गोष्टी कराव्यात असे आहे. म्हणजे मैत्रीत कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे.

बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात सद्धम्माची हीच चढण दाखवली आहे. नुसती प्रज्ञा पुरेशी नाही, शील हवे. शीलाबरोबर करुणा हवी. आणि करुणेपेक्षाही मैत्री अधिक आवश्यक आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाणारी, असा त्यांनी तिचा विस्तार सांगितला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली असे स्पष्ट केले होते. समतेवाचून बंधुता नाही, हे त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सांगणे आहे.

येथे काही वाचक मला अडवतील. म्हणतील, बाई, बावीस प्रतिज्ञांतील तेराव्या प्रतिज्ञेत तर सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे, मग तुम्ही दयेला कमी कशा लेखता? आक्षेप योग्य आहे. मी दयेला कमी लेखत नाही. प्रतिज्ञांचा क्रम तेवढा पाहा. नवव्या प्रतिज्ञेत आपण सर्व मनुष्यमात्र समान मानले. दहाव्या प्रतिज्ञेत समता स्थापन करण्याचे वचन दिले. त्यानंतर तेरावी येते. आधी समता, मग दया. समतेच्या जमिनीवर उभी राहिलेली दया म्हणजेच मैत्री. आणि दुसरे असे की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ही प्रतिज्ञा कोणी घेतली? ज्यांना जगाने फक्त दयेचे धनी मानले होते त्यांनी. आम्हीही देणारे आहोत, अशी ती घोषणा होती.

दुसरा आक्षेप मागच्या जन्माचा. जातकात हरीण म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व असे सांगतात. आपण आत्म्याचे जन्मांतर मानत नाही, मग या कथा मुलांना सांगाव्यात काय? माझे मत असे की अवश्य सांगाव्यात, पण कथा म्हणून सांगाव्यात. बाबासाहेबांनी जातकांच्या कल्पनेचा उल्लेख करताना अवतारकल्पनेशी तिचा फरक दाखवला आहे. अवताराला शुद्ध असण्याची अट नाही, बोधिसत्त्वाला मात्र पायरीपायरीने शुद्ध व्हावे लागते. मी मुलांना इतकेच सांगते की जो मित्रासाठी परत फिरला तो बुद्धाच्या वाटेवर होता, म्हणून लोकांनी ही गोष्ट बुद्धाच्या नावाने जपली. आपला नवा जन्म तर धम्मदीक्षेच्या दिवशी, याच देहात झालेला आहे.

ही कथा चित्रांतून सांगण्याची रीतही आपलीच आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला स्तूप होता. १८७३ साली कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष सापडले. त्याच्या दगडी कठड्यावर हेच हरीण, हेच कासव, हाच पक्षी कोरलेला आहे. ते दगड आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही वाचावे असे ते पुस्तक होते. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात छद्दन्त हत्तीची आणि वानरराजाची जातके रंगवलेली आहेत. मुलांना सहलीला न्याल तेव्हा नुसती लेणी दाखवू नका, भिंतीवरची गोष्ट सांगा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याच परीक्षेची आहे. ही कथा मी वर्गात सांगत होते. 'शिकारी' हा शब्द तोंडातून निघताच एक मुलगा ओरडला, "बाई, पारधी!" आणि सारा वर्ग मागे वळला. मागच्या रांगेत पालावरची एक मुलगी बसते. ती खाली पाहू लागली. वळून पाहणाऱ्यांत आपल्या वस्तीतली मुलेही होती. आपल्या दप्तरात भाकरी होती असे सांगणारा तो मुलगाही होता.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. आपल्यावर जन्माने शिक्का मारला होता तेव्हा आपल्याला काय वाटत होते? मग दुसऱ्याच्या लेकरावरचा शिक्का पाहून आपले लेकरू का हसावे? मैत्री आपल्या आळीपुरती असेल तर ती मैत्री नव्हे, ती दुसरी जातच झाली.

मी मुलांना म्हणाले, कथेत तो शिकारी आहे, कोणत्याही जातीचा नाही. मग त्या मुलीला विचारले, सुतार पक्षी तू पाहिला आहेस का? ती आधी बोलेना. मग उठली आणि त्याची चोच कशी, तो झाडाच्या बुंध्याला उभा कसा चिकटतो, टकटक कशी करतो, हे तिने हातांनी करून दाखवले. वर्गात दुसऱ्या कोणाला इतके माहीत नव्हते, मलाही नव्हते. दुसऱ्या दिवशी चित्रे काढताना तो भाकरीवाला मुलगा आपली पाटी घेऊन तिच्याजवळ गेला आणि चोच कशी काढायची ते तिला विचारू लागला. मी काही सांगितले नव्हते.

म्हणून माता-पित्यांनो, माझी एवढीच विनंती आहे. मुलांना चित्रपुस्तक घ्या, पण त्यांच्याबरोबर बसून पाहा. प्रत्येक पानावर विचारा: यात कोणाचा हात वर आहे, कोणाचा खाली? खालचा हात पुढच्या पानावर वर येतो का? नसेल येत तर मुलाला म्हणा, पुढचे पान तू काढ. आणि आपले मूल शेजारच्या मुलाला काही देऊन आले तर त्याला शाबासकी द्या, पण एक प्रश्न जरूर विचारा. त्याच्याजवळ काय होते, ते तू विचारलेस का?

नमो बुद्धाय. जयभीम.